तोफेच्या पोटातली माती

सिंहगडावर पुणे दरवाजातून आत शिरलं की उजव्या हाताला उतरत्या छपराची एक दगडी इमारत लागते. ते गडाचं दारूकोठार. ११ सप्टेंबर १७५१ रोजी त्यावर वीज पडली, स्फोट झाला आणि गडावरचं फडणिसांचं घर आतल्या माणसांसकट नाहीसं झालं. बहुतेकांचे पाय तिथे थांबत नाहीत, पुढे तानाजींच्या समाधीकडे वळतात. मी मात्र दर खेपेला त्या दाराशी थोडा वेळ उभा राहतो, कारण मला तिथे नेहमी एकच प्रश्न पडतो. ही दारू यायची कुठून?

तोफ कुठे ओतली, कुणी डागली, तिचं नाव काय, हे आपण आवडीने वाचतो. दारूत काय असतं तेही शाळेत शिकलेलं असतं : शोरा, गंधक आणि कोळसा. यातला कोळसा जिथे झाड आहे तिथे करता येतो. गंधक ज्वालामुखीच्या प्रदेशातून येतो, पण तो लागतो थोडा. शोऱ्याचं तसं नाही. तो भरपूर लागतो आणि त्याची बहुतेक ठिकाणी खाणच नसते. तो मातीत तयार होतो, गोठ्याच्या जमिनीत, जुन्या भिंतींच्या पायाशी, माणसांच्या आणि जनावरांच्या मुतामुळे. तोफांच्या युगातली कितीतरी युद्धं रणांगणावर सुरू होण्याआधी या मातीत अडकून पडली होती. त्या मातीची गोष्ट कळली की दारूचं रसायनही कळतं, म्हणून दोन्ही एकत्रच सांगतो.

आधी शब्द. 'दारू' म्हटल्यावर आज दुसरंच काही डोळ्यांपुढे येतं. पण फारसीत दारू म्हणजे औषध. आपल्या 'दवादारू'त तो अर्थ अजून शाबूत आहे. चिनी भाषेत याच मिश्रणाला 'हुओ याओ' म्हणतात, म्हणजे अग्नीचं औषध. नवव्या शतकाच्या सुमारास चीनमधल्या किमयागारांना हे मिश्रण सापडलं. ते शोरा आणि गंधक औषधं म्हणूनच वापरत होते. १०४४ साली तयार झालेल्या 'वूजिंग झोंगयाओ' या चिनी लष्करी ग्रंथात दारूच्या सर्वांत जुन्या लेखी कृती आहेत. दोन दूरदूरच्या भाषांनी या जाळणाऱ्या वस्तूला औषधाचंच नाव द्यावं, याचं मला नेहमी नवल वाटतं.

आता रसायन. चूल पेटायला लाकूड लागतं, तशीच हवाही लागते. हवेतला ऑक्सिजन मिळाला नाही तर निखारा विझतो. म्हणून तर फुंकणी. लाकूड सावकाश जळतं, कारण ऑक्सिजन बाहेरून, त्याच्या पृष्ठभागापर्यंत हळूहळू पोचत असतो. समजा हा ऑक्सिजन बाहेरून यायची गरजच उरली नाही, तो जळणाच्या कणाकणाला चिकटून आतच बसलेला असला, तर? मग जळण्याला कशाची वाट पाहावी लागणार नाही.

शोरा हेच काम करतो. त्याचं रासायनिक नाव पोटॅशियम नायट्रेट. त्याच्या प्रत्येक एककात पोटॅशियमचा एक अणू, नायट्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचे तीन. एरवी तो मिठासारखा शांत पांढरा पदार्थ आहे, स्वतः जळत नाही. तापला की मात्र ऑक्सिजन सोडून देतो. कोळसा हे जळण. गंधक कमी तापमानाला पेट घेतो आणि पुढची साखळी सुरू करून देतो. म्हणून तोफेच्या नळीत, गोळा ठासून बंद केलेल्या जागेत, जिथे बाहेरची हवा शिरूच शकत नाही, तिथेही दारू जळते. तिची हवा तिने बरोबर आणलेली असते.

जळताना कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन हे वायू तयार होतात. मूठभर घन पदार्थाचा पाहता पाहता प्रचंड तापलेला वायू होतो. त्याला पसरायला जागा हवी असते आणि एकच वाट मोकळी असते, गोळ्याच्या दिशेची. उघड्यावर हीच दारू नुसती भप्पकन जळून जाते. नळीने कोंडल्यामुळे तिचा धक्का होतो. दारूतली आग कणाकडून कणाकडे जाते, आणि डायनामाइटमधल्या स्फोटाच्या लाटेपुढे तिचा वेग फारच थोडा असतो. तोफेला हेच सोयीचं. धक्का एकदम बसला तर नळीच फुटेल. तो गोळ्याला ढकलत न्यायला हवा.

वजनाने पाहिलं तर या मिश्रणाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग शोरा असतो. म्हणजे शंभर मण दारूसाठी साधारण पंच्याहत्तर मण शोरा. लेखाचा सगळा भार या एका आकड्यावर आहे, तो लक्षात ठेवा.

आणखी एक आकडा. १८७०च्या दशकात अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल या दोघांनी इंग्लंडमध्ये बंद पोलादी भांड्यांत दारू जाळून तिचं काय होतं ते मोजलं. दारूच्या वजनाचा जेमतेम ४३ टक्के भाग वायू होतो, असं त्यांना आढळलं. उरलेला अर्ध्याहून जास्त भाग पोटॅशियमचे क्षार होऊन घनरूपात राहतो. जुन्या लढायांच्या वर्णनात दोन-चार फैरी झाल्या की धुरात काही दिसेनासं होतं, तो धूर म्हणजे हाच उडालेला क्षार. नळीत आतून चिकटणारी काळी कीटही तीच. प्रत्येक बार उडाला की ओला पुसणा फिरवायचा तो ही कीट काढायला, आणि आत राहिलेली ठिणगी विझवायलाही. ती राहिली तर पुढची दारू भरणाऱ्याचा हात जायचा.

कणाच्या आकाराचाही इथे मोठा वाटा आहे. सुरुवातीची दारू पिठासारखी असे. पीठ ठासून भरलं की कणांमध्ये मोकळी जागा राहत नाही, ज्वाळेला आत शिरायला वाट मिळत नाही, आणि ओल मात्र पटकन धरते. पंधराव्या शतकात युरोपात दारूचे दाणे पाडायला लागले. पिठाऐवजी रवा म्हणा. दाण्यांमधल्या फटींतून ज्वाळा क्षणात सगळीकडे पोचते आणि तेवढ्याच दारूचा जोर कितीतरी वाढतो. पुढे तोफा अवाढव्य झाल्या, तेव्हा उलटी गरज पडली. अमेरिकेत थॉमस रॉडमन यांनी मोठमोठे दाणे वापरून पाहिले, कारण मोठा दाणा बाहेरून आत सावकाश जळतो आणि नळीवरचा ताण आवाक्यात राहतो. पदार्थ तोच, नुसत्या दाण्याच्या मापाने बंदूक, तोफ आणि खाणीतला सुरुंग यांच्या दारू वेगळ्या झाल्या.

आता शोऱ्याच्या मातीकडे येऊ. गावाकडच्या जुन्या घरात राहिलेल्यांना हे दृश्य ओळखीचं असेल. गोठ्यालगतच्या भिंतीला खालून हातभर उंचीपर्यंत पांढरी बुरशीसारखी पूड सुटते. आपण म्हणतो, भिंतीला लोणा लागला. लोणा अनेक क्षारांचा असू शकतो, पण जिथे वर्षानुवर्षं जनावरं बांधलेली असतात तिथल्या लोण्यात नायट्रेट असतं.

ते येतं कसं? मुतातल्या युरियाचा अमोनिया होतो. गोठ्यात शिरल्यावर नाकाला झोंबतो तोच. मातीतले काही जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे काही त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे काम सजीवांचं आहे हे १८७७ साली श्लोझिंग आणि म्यूंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवलं आणि ते जीवाणू १८९०च्या सुमारास विनोग्राडस्की यांनी वेगळे काढले. तोवर दारूचं युग संपत आलं होतं. पाचशे वर्षं राजेरजवाडे ज्या सूक्ष्मजीवांच्या जिवावर लढले, त्यांची कुणाला कल्पनाही नव्हती. या जीवाणूंना ऊब लागते, थोडी ओल लागते, हवा लागते आणि पावसाची मार नको असते, कारण नायट्रेट पाण्यात सहज विरघळून वाहून जातं. छपराखालची जमीन, तबेला, कबुतरखाना, कोरडी गुहा ही त्यांची आवडती ठिकाणं.

मातीत जे तयार होतं ते मुख्यतः कॅल्शियम नायट्रेट. ते दारूला चालत नाही, कारण ते हवेतली ओल ओढून पाणी पाणी होतं. इथे लाकडाची राख कामी येते. राखेत पोटॅश, म्हणजे पोटॅशियमचा क्षार, असतं. ते मिळालं की कॅल्शियम चुनखडीच्या रूपात तळाशी बसतं आणि पाण्यात पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे शोरा, उरतो. त्यात साधं मीठही मिसळलेलं असतंच. ते वेगळं करायची युक्ती इतकी सुंदर आहे की रसायनशास्त्राच्या वर्गात ती पहिल्या दिवशी शिकवावी असं मला वाटतं. १०० ग्रॅम पाण्यात शून्य अंश सेल्सिअसला सुमारे १३ ग्रॅमच शोरा विरघळतो, उकळत्या पाण्यात मात्र २४० ग्रॅमहून जास्त. मिठाचं असं होत नाही; थंड पाण्यात ३६ ग्रॅम, उकळत्यात ३९. म्हणजे गरम द्राव निवत गेला की शोरा स्फटिक होऊन बाहेर पडतो आणि मीठ बरंचसं पाण्यातच राहतं. ज्या कारागिरांना अणू हा शब्द ठाऊक नव्हता, त्यांनी हा फरक शेकडो वर्षं अचूक वापरला.

शोरा किती शुद्ध आहे यावर लढाई फिरू शकत असे. पावसाळ्यात मिठाची बरणी ओलसर होते हे आपण पाहतो; शोऱ्यात अशुद्ध क्षार राहिले तर दारूचं तेच होतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त दारूखाना घरांपासून दूर असावा आणि दारू आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून तिला ऊन द्यावं, असं बजावलं आहे. सह्याद्रीतला पाऊस आणि कोकणची दमट हवा ज्यांनी अंगावर काढली, त्यांना ही काळजी वेगळी समजावून द्यायला नको.

आता इतिहास, आणि त्यातला लोकांना सोसावा लागलेला भाग. घरच्या मातीत शोरा आहे म्हटल्यावर सरकारचे लोक घरात शिरणार हे ओघाने आलं. इंग्लंडमध्ये 'सॉल्टपीटरमेन' नावाचे परवानाधारक खणकर होते. त्यांना कुणाच्याही तबेल्याची, कबुतरखान्याची, प्रसंगी राहत्या घराची जमीन उकरून माती न्यायचा अधिकार होता. १६२६च्या सुमारास राजा पहिल्या चार्ल्सने प्रजेला आपलं आणि जनावरांचं मूत्र साठवून ठेवायचं फर्मान काढलं. लोक इतके विटले की १६५६ साली पार्लमेंटला घरमालकाच्या परवानगीशिवाय खणायला मनाई करावी लागली.

इंग्रजांना ही सवलत देणं पुढेही परवडलं, कारण तोवर दुसरी माती हाती येत चालली होती. ती आपल्याकडची.

भारताच्या शोऱ्यावर युरोपीयांची नजर त्याआधीपासून होती. १५४७ साली गोव्याच्या पोर्तुगिजांनी विजयनगरशी तह केला, त्यात अरबी घोडे विजयनगरला मिळावेत आणि तिकडचा शोरा आणि लोखंड पोर्तुगिजांना मिळावं अशी कलमं होती. दोघांनाही विजापूरच्या आदिलशाहीला हे मिळू द्यायचं नव्हतं. घोड्यांच्या बदल्यात शोरा! दख्खनच्या राजकारणात आपण घोड्यांचा हिशेब मांडतो, शोऱ्याचा कुणी मांडत नाही, याची मला खंत आहे. जुन्या गोव्याजवळ पणेली गावात पोर्तुगिजांनी दारूचा कारखानाही काढला होता.

पण खरा खजिना होता बिहारमध्ये. गंगेच्या मैदानातल्या त्या भागात पावसाळ्यानंतर लांबलचक कोरडा हंगाम येतो. दाट वस्ती, भरपूर गुरं, चुलींत जळणाऱ्या गोवऱ्या आणि लाकूड, म्हणून मातीत राखही आयतीच. जमिनीवर आपोआप शोऱ्याचा पापुद्रा धरतो. नोनिया (काही भागांत लोनिया) जातीचे लोक तो खरवडत, पाण्याने माती धूत, ते पाणी आटवत आणि कच्चा शोरा तयार करीत. सतराव्या शतकापासून डच आणि इंग्रज कंपन्या पाटण्याहून तो उचलू लागल्या. जहाजाला तळाशी स्थिर राहण्यासाठी वजन लागतंच. कापडाच्या गाठी वर आणि शोऱ्याची पोती खाली, असा दुहेरी फायदा होता.

१७५७ साली प्लासीची लढाई झाली आणि पुढच्याच वर्षी क्लाइव्हने बिहारच्या शोऱ्याची मक्तेदारी ईस्ट इंडिया कंपनीसाठी मिळवली. प्लासीची चर्चा करताना आपण मीर जाफर आणि बंगालच्या महसुलाबद्दल बोलतो. त्या वेळी इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात सप्तवार्षिक युद्ध चाललं होतं, आणि जगातला सर्वांत स्वस्त, सर्वांत मुबलक शोरा एका पक्षाच्या मुठीत गेला. दुसऱ्या पक्षाला आपल्या देशातली तळघरं खरवडण्याशिवाय गत्यंतर उरलं नाही.

त्या टंचाईतून फ्रान्सने धडा घेतला. १७७५ साली अर्थमंत्री तुर्गो यांनी दारूचा कारभार खासगी मक्तेदारांकडून काढून सरकारी खात्याकडे दिला आणि खात्याच्या चार प्रमुखांत एक नाव होतं आंत्वान लव्हाझिए. ज्वलन म्हणजे ऑक्सिजनशी संयोग, हे जगाला समजावणारा हाच माणूस. तो पॅरिसच्या शस्त्रागारात राहायला गेला, तिथेच त्याने आपली प्रयोगशाळा थाटली, आणि आधुनिक रसायनशास्त्राचा बराचसा पाया दारूखान्याच्या पगारावर घातला गेला. शोऱ्याची प्रत सुधारली, उत्पादन वाढलं. अमेरिकेने इंग्लंडविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पुकारलं तेव्हा तिच्या सैन्याची सुरुवातीच्या वर्षांतली बहुतांश दारू परदेशी होती, किंवा परदेशी शोऱ्यापासून केलेली, आणि तिच्यात मोठा वाटा फ्रान्सचा होता.

शोऱ्याला पर्याय शोधायचा प्रयत्नही झाला. २७ ऑक्टोबर १७८८ रोजी एसोन इथे शोऱ्याऐवजी पोटॅशियम क्लोरेट घालून दारू करून पाहत होते. रसायनशास्त्रज्ञ बेर्तोले, लव्हाझिए आणि त्याची बायको तिथे हजर होते. ते बाजूला गेले आणि काही क्षणांतच स्फोट झाला. दोघे जागीच मेले. क्लोरेट शोऱ्यासारखा शांत बसत नाही; घर्षणाने, धक्क्याने पेटतो. शोऱ्याची जागा घेणं किती अवघड आहे हे त्या दिवशी कळलं.

मग राज्यक्रांती झाली. १७९३ साली फ्रान्सच्या चोहोबाजूंनी शत्रू, समुद्रावर इंग्रज आरमार, बाहेरून शोरा बंद. डिसेंबर १७९३मध्ये सरकारने नागरिकांना हुकूम केला : आपापल्या तळघरांची, तबेल्यांची, गोठ्यांची माती धुऊन शोरा काढा. आणि तो काढायचा कसा हे शिकवायला फेब्रुवारी १७९४मध्ये पॅरिसमध्ये खास वर्ग भरले. देशभरातल्या जिल्ह्यांतून सुमारे आठशे माणसं आली. शिकवायला बेर्तोले, मोंज, फुर्क्रुआ, गितों असे त्या काळचे पहिल्या रांगेतले शास्त्रज्ञ. काही आठवड्यांत शिकून माणसं गावोगाव परत गेली. विज्ञान लोकांपर्यंत नेण्याचा एवढा मोठा आणि एवढा घाईचा प्रयोग त्याआधी झाल्याचं मला आठवत नाही. हे वर्ग चालले तेव्हा लव्हाझिए तुरुंगात होता. राजाचा कर गोळा करणाऱ्या मंडळीत त्याची भागीदारी होती. ८ मे १७९४ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. ज्याने या दारूला विज्ञान दिलं, त्याला वाचवायला त्याच्या सहकाऱ्यांपैकी फार थोडे पुढे आले. हे वाचताना आजही त्रास होतो.

घाईचीही किंमत मोजावी लागली. पॅरिसलगतच्या ग्रेनेलच्या कारखान्यात दारूचं उत्पादन अफाट वाढवलं होतं. ३१ ऑगस्ट १७९४ रोजी तो कारखाना उडाला आणि शेकडो कामगार मेले.

युद्धकाळात दारू करणं म्हणजे काय, हे मला सर्वांत स्पष्ट दिसतं ते अमेरिकेच्या यादवीत. १८६१च्या एप्रिलमध्ये युद्ध पेटलं तेव्हा गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांकडे मोठा दारू कारखाना नव्हता आणि साठाही अगदी तुटपुंजा होता. उत्तरेच्या आरमाराने बंदरांची नाकेबंदी केली. दक्षिणेचे शस्त्रसामग्रीप्रमुख जोसाया गोर्गस यांनी हे काम जॉर्ज वॉशिंग्टन रेन्स या अधिकाऱ्यावर सोपवलं. रेन्स लष्करी अकादमीत रसायनशास्त्र शिकवलेला माणूस, पण त्याने दारूचा कारखाना कधी पाहिलेलाही नव्हता. त्याच्याकडे होती इंग्लंडमधल्या वॉल्थम ॲबी कारखान्याचं वर्णन करणारी एक पुस्तिका, आणि पुढे सापडला त्या कारखान्यात काम केलेला एक कामगार. एवढ्या भांडवलावर त्याने जॉर्जियातल्या ऑगस्टा गावी कालव्याच्या काठाने सुमारे दोन मैल लांब पसरलेला कारखाना उभा केला. १० एप्रिल १८६२ला काम सुरू झालं आणि १८ एप्रिल १८६५पर्यंत तिथे सुमारे साडेसत्तावीस लाख पौंड दारू तयार झाली.

रेन्सची इमारतींची मांडणी अभ्यासण्यासारखी आहे. एका टोकाला कच्चा माल येई आणि एकेक टप्पा पार करत दुसऱ्या टोकाला तयार दारू बाहेर पडे. धोका जसा वाढत जाई तशा इमारती एकमेकींपासून लांब जात. जिथे पाच-पाच टनांचे रोलर दारू दळत, त्या खोल्यांच्या तीन भिंती जाडजूड आणि एक बाजू मुद्दाम हलकी ठेवलेली, म्हणजे स्फोट झालाच तर तो शेजारच्या खोलीत न शिरता बाहेर पडावा. प्रत्येक रोलरवर पाण्याचं भांडं टांगलेलं होतं. एका ठिकाणी भडका उडाला की सगळी भांडी एकदम उलटून बाकीची दारू भिजून जाईल अशी ती जोडलेली होती. आपल्याकडच्या फटाक्यांच्या कारखान्यांतल्या दुर्घटनांच्या बातम्या वाचताना मला ही दीडशे वर्षांपूर्वीची भांडी आठवतात. तेव्हा सुचलं होतं, जमलंही होतं.

गंधक त्याला लुइझियानात मिळाला. तिथल्या साखर कारखान्यांनी रस स्वच्छ करायला साठवून ठेवलेला. आपल्या साखरपट्ट्यातही रस पांढरा करायला गंधकाचा धूर वापरतात, तोच हा गंधक. कोळशासाठी विलो मिळेना, म्हणून त्याने कॉटनवुडचं लाकूड वापरलं. उरला शोरा, आणि तिथे घोडं अडलं.

टेनेसी, अलाबामा, जॉर्जिया, व्हर्जिनिया इथल्या चुनखडीच्या गुहांमध्ये नायट्रेटयुक्त माती होती. एप्रिल १८६२मध्ये त्यासाठी वेगळं खातंच उघडलं, आयझॅक सेंट जॉन यांच्या हाताखाली. त्या गुहांच्या अंधारात माती खणणारे आणि धुणारे हात मोठ्या संख्येने गुलाम केलेल्या काळ्या माणसांचे होते. आपल्याला बांधून ठेवणाऱ्या राज्यासाठी ते दारू पुरवत होते. दक्षिणेच्या कल्पकतेचं कौतुक करणाऱ्या वर्णनांत ही गोष्ट बहुधा गाळलेली असते. ती गाळू नये.

गुहा पुरेनात म्हणून शहरांजवळ शोऱ्याचे वाफे घातले : शेण, पालापाचोळा, जुनी माती, मेलेली जनावरं, वरून मूत्र, आणि अधूनमधून उकरणं. १८६३ साली अलाबामातल्या सेल्मा गावच्या अधिकाऱ्याने, जॉन हॅरल्सन याने, वर्तमानपत्रात जाहिरात दिली की गावच्या स्त्रियांनी घरातलं मूत्र जपून ठेवावं, आमची पिंपांची गाडी येऊन घेऊन जाईल. दोन्ही सैन्यांत त्यावर चावट कविता फिरल्या. मला मात्र त्या जाहिरातीत चार्ल्सच्या फर्मानाचा आवाज ऐकू येतो. सव्वादोनशे वर्षांनंतरही रसायन तेच होतं आणि जीवाणूंना घाई करता येत नव्हती. असा वाफा पिकायला दीड-दोन वर्षं लागतात.

दक्षिणेला लागलेल्या शोऱ्यापैकी जवळपास निम्मा अखेर नाकेबंदी चुकवून जहाजांनी आणला. ही जहाजं माल उचलत तो इंग्रजांच्या बाजारातून, आणि त्या बाजारात शोरा येई मुख्यतः हिंदुस्थानातून.

उत्तरेची गत वेगळी नव्हती. त्यांच्या दारूचा मोठा भाग ड्यूपाँ घराण्याचा कारखाना पुरवत असे. तो १८०२ साली डेलावेअरमध्ये काढणारा एल्युथेर इरेने ड्यू पाँ लव्हाझिएच्या हाताखाली शिकलेला होता. १८६१च्या शेवटी त्या घराण्यातल्या लामोत ड्यू पाँला सरकारने गुपचूप लंडनला पाठवलं : मिळेल तेवढा शोरा विकत घ्या. त्याने दोन हजार टनांहून जास्त शोरा खरेदी केला, जहाजांत भरायलाही घेतला. तेवढ्यात ट्रेंट प्रकरण घडलं. उत्तरेच्या युद्धनौकेने ८ नोव्हेंबरला 'ट्रेंट' या ब्रिटिश टपालबोटीवरून दक्षिणेचे दोन वकील, म्हणजे राजदूत, पकडून नेले होते. इंग्लंड संतापलं आणि शोऱ्याची निर्यात थांबवली. लिंकन सरकारने वकिलांना सोडलं, तेव्हा १८६२च्या जानेवारीत शोरा सुटला. वकिलांना सोडण्यामागे इंग्लंडशी युद्धाची भीती ही मोठी गोष्ट होती. पण लंडनच्या धक्क्यावर अडकलेली ती पोती वॉशिंग्टनमध्ये कुणी विसरलं असेल असं वाटत नाही. बिहारच्या गावांतली माती एका परक्या यादवीच्या दोन्ही बाजूंना लागत होती.

एप्रिल १८६५मध्ये दक्षिणेने शस्त्रं खाली ठेवली तेव्हा शोऱ्याच्या वाफ्यांतले पुष्कळसे अजून पिकायचेच होते. ऑगस्टाचा कारखाना पुढे पाडला. त्याची सुमारे दीडशे फुटी धुराडी तेवढी रेन्सच्या विनंतीवरून स्मारक म्हणून ठेवली, ती आजही कालव्याकाठी उभी आहे.

त्यानंतर शोऱ्याची सद्दी झपाट्याने उतरली. चिलीच्या वाळवंटात सोडियम नायट्रेटचे प्रचंड साठे होते. ते ओल धरत असल्याने बंदुकीला चालत नसे, पण जर्मनीतल्या खाणींचं पोटॅश वापरून त्याचाच शोरा करता येऊ लागला, तोही स्वस्तात. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी बिनधुराची दारू केली. तिच्यात शोरा, गंधक, कोळसा काहीच नव्हतं. तिला नायट्रिक आम्ल लागे, ते चिलीच्या नायट्रेटपासून होई. म्हणून १९१४ साली ब्रिटिश नाकेबंदीने चिलीची वाट बंद केली तेव्हा जर्मनीपुढे तोच जुना प्रश्न उभा राहिला. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवणारा फ्रिट्झ हाबर आणि कार्ल बॉश यांच्या पद्धतीचा कारखाना जर्मनीतल्या ओपाऊ इथे १९१३मध्येच सुरू झालेला होता. गोठ्यातल्या जीवाणूंकडून होणारं काम आता प्रचंड दाबाखाली पोलादी नळकांड्यांपासून सुरू होऊ लागलं.

बिहारमध्ये शोऱ्याच्या भट्ट्या एकेक करून विझल्या. ज्या उरल्या त्यांच्यावर इंग्रजांच्या मीठ खात्याची नजर असे. शोरा काढताना मीठही निघतं आणि मिठावर कर होता, म्हणून नोनियांना आपलं पिढीजात काम करायला परवाना काढावा लागे आणि तपासणीला उभं राहावं लागे. हळूहळू त्यांच्यातले बहुतेक जण मातीकामाकडे वळले. रस्त्यांचे भराव, विहिरी, तळी, बंधारे. माती ओळखणारे ते हात आता ती नुसती खणून पाट्यांनी वाहू लागले.